मार्केस ‘ग’मध्ये शोधावा की ‘म’मध्ये?

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे जुन्या मराठी ग्रंथांच्या शोधाविषयी असतात. या वेळी मात्र खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि खुद्द बेळगाव येथून आलेली सहा पत्रे स्पॅनिश भाषेतील साहित्य आणि साहित्यिक यांच्याविषयी आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे. लेखक कोण हे त्यांना ठाऊक आहे, पण ग्रंथालयात तो कोणत्या नावाखाली आणि कोणत्या कपाटात बसला आहे हे ठाऊक नाही. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण पुढची अनेक उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गाब्रिएला मिस्त्राल ही चिलीची कवयित्री खेड्यातील शाळेत शिक्षिका होती आणि पुढे तिला नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचल्यापासून तिच्याविषयी एक दीर्घ लेख लिहावा असे मनात आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात ‘स्पॅनिश पुस्तके आमच्याकडे नाहीत’ असे सांगण्यात आले. बेळगावात संगणकावर तिचे नाव घातले, तरी काही निघाले नाही. मला स्पॅनिश येत नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : ‘स्पॅनिश पुस्तके नाहीत’ हे विधान खरे असेल, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आपल्याला स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या कवयित्रीविषयीचा मजकूर हवा आहे, आणि तो इंग्रजी अनुवादात, नोबेलविजेत्यांवरील ग्रंथात, कोशात किंवा एखाद्या जुन्या मासिकाच्या बांधीव खंडात असू शकतो. म्हणून ग्रंथपालांकडे भाषेचे नाव घेऊन न जाता लेखिकेचे नाव घेऊन जावे, आणि जाण्यापूर्वी ते नाव नीट समजून घ्यावे. माझ्या अनुभवात अशा शोधाचा निम्मा वेळ नावापायी वाया जातो.

मिस्त्राल हे टोपणनाव आहे. तिचे खरे नाव लुसिला गोदोय अल्कायागा, जन्म १८८९, मृत्यू १९५७. काही जुन्या सूचींत तिची नोंद ‘गोदोय’खाली असते आणि तेथून ‘मिस्त्राल पाहा’ अशी वाट दाखवलेली असते. ज्याने नुसते शिरवाडकर शोधले आणि कुसुमाग्रज शोधले नाहीत, त्याच्या हाती अर्धेच कपाट लागते, तसाच हा प्रकार आहे. यात आणखी एक खाचखळगा आहे. फ्रेदेरिक मिस्त्राल नावाचा दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्साल भाषेचा एक कवी होता, त्यालाही नोबेल मिळाले होते, ते १९०४ साली. आपल्या कवयित्रीचे नोबेल १९४५ सालचे, आणि लॅटिन अमेरिकेला मिळालेले ते पहिले साहित्याचे नोबेल. नुसते आडनाव घालून शोधल्यास हे दोघे एकमेकांत मिसळतात.

दुसरी गोष्ट दुहेरी आडनावांची. स्पॅनिश रीतीप्रमाणे माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे, आणि वर्णानुक्रमात पहिले आडनाव धरले जाते. त्यामुळे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस हा ‘गार्सिया’खाली लागतो, ‘मार्केस’खाली नाही. स्पेनचा कवी लोर्का हाही गार्सिया लोर्का असल्याने ‘ग’मध्येच असतो, आणि पेरूचा कादंबरीकार मारिओ वार्गास योसा ‘योसा’खाली न मिळता ‘वार्गास’खाली मिळतो. आपल्याकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव ही सवय इतकी पक्की आहे की ग्रंथालयातील मंडळीही येथे फसतात. मी नोकरीत असताना एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मार्केसची एकच कादंबरी तीन ठिकाणी नोंदवलेली पाहिली, एक प्रत ‘गार्सिया’खाली, एक ‘मार्केस’खाली आणि एक चक्क ‘गाब्रिएल’खाली. तिसरी प्रत विकत घेण्याचे कारण दाखल नोंदवहीत लिहिलेले नव्हते, पण ते उघड होते: पहिल्या दोन कोणालाच सापडल्या नव्हत्या.

तिसरी अडचण लिपीची. परभाषेतील नाव देवनागरीत आणताना प्रत्येक अनुवादक आपल्या कानाला विचारतो, त्यामुळे मार्केस, मार्क्वेज, मार्क्वेझ आणि मार्खेज अशी एकाच माणसाची चार रूपे सूचीत भेटतात. काही साधे नियम लक्षात ठेवले तर उपयोग होतो. स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला, घशातून येणारा आहे, म्हणून कोणी होर्हे लिहितो तर कोणी खोर्खे. जोडीने येणाऱ्या ‘एल’चा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो, ‘एच’ मुका असतो, ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक राहत नाही, आणि ‘झेड’ स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘थ’सारखा तर अमेरिका खंडात ‘स’सारखा ऐकू येतो. संगणकावर शोधताना ही सारी रूपे घालून पाहावी लागतात, त्याला इलाज नाही. बेळगावच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. येथे छापलेल्या पुस्तकांच्या नोंदीत आपल्या गावाचे नाव बेळगाव, बेलगाम, बेळगावी आणि २०१४ नंतर बेळगावी याच रूपाच्या दोन-तीन रोमन वर्तन्या असे सगळे प्रकार सापडतात, आणि त्यांतला एखादा विसरला तर पुस्तक हरवते. सीमाभागातील वाचकाला एक जादा सोयही आहे. ज्याला कन्नड वाचता येते त्याने कन्नड सूचीतही तेच नाव घालून पाहावे. राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत कन्नड अनुवाद मराठीपेक्षा सहज मिळतात.

आता कपाटाकडे वळू. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयात स्पॅनिश साहित्याचा क्रमांक ८६० आहे. त्यातील कविता ८६१, नाटक ८६२, कथा-कादंबरी ८६३ आणि निबंध ८६४ येथे असतात. लेखक स्पेनचा असो, चिलीचा असो की मेक्सिकोचा, भाषा स्पॅनिश असेल तर तो याच घरात राहतो. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, म्हणजे दोन्ही घरे एकाच लांब ओळीत आहेत. तरीही ८६१ रिकामा दिसला म्हणून परत फिरू नये, कारण अनेक ठिकाणी इंग्रजीत अनुवादित झालेले पुस्तक सरळ इंग्रजी साहित्यात ठेवून दिलेले असते. मिस्त्रालच्या निवडक कवितांचा इंग्रजी अनुवाद १९५७ साली अमेरिकेचा कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज याने केला, आणि २००३ साली उर्सुला ली ग्विन या कादंबरीकर्तीने केलेल्या अनुवादात मूळ स्पॅनिश कविता समोरच्या पानावर दिलेल्या आहेत. ही दोन्ही पुस्तके अनुवादकाच्या नावाखाली, अमेरिकी साहित्याच्या कपाटात जाऊन बसण्याची शक्यता बरीच आहे. आपण अनुवादकाचे नाव घेऊन गेलात तर ग्रंथपालांना ती काढून देणे सोपे जाईल.

आपल्यासाठी क्रम असा सुचवतो. प्रथम मराठी विश्वकोश पाहावा. तो संगणकावर विनामूल्य वाचता येतो आणि परकी नावे मूळ उच्चाराच्या जवळ ठेवण्याचा त्याचा कटाक्ष असल्याने नावाचे एक विश्वसनीय मराठी रूप हाती येते. त्यानंतर जगातील राष्ट्रीय ग्रंथालयांनी मिळून चालवलेली नावांची सामाईक सूची पाहावी, तिला व्हिआफ म्हणतात. तेथे लेखकाची सर्व नावे, टोपणनावे आणि निरनिराळ्या लिप्यांतील रूपे एकत्र दिलेली असतात. ती उतरवून घेऊन मग बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जावे. १८४८ साली स्थापन झालेल्या या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचा शोध घेणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण मिस्त्रालला नोबेल मिळाले त्या काळात आपल्या संपादकांनी तिच्याविषयी काही लिहिले का, हा शोध आपल्या लेखाला इतर कोणाच्याही लेखात नसलेले अंग देईल. सर्वांत शेवटी चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘मेमोरिया चिलेना’ हे संकेतस्थळ उघडावे. तेथे मिस्त्रालविषयीची छायाचित्रे, पुस्तके आणि कागदपत्रे खुली आहेत. मजकूर स्पॅनिशमध्ये असल्याने यंत्रानुवाद वापरावा लागेल. चरित्र, तारखा आणि समीक्षा यांपुरता तो चालतो, पण कवितेवर तो मुळीच वापरू नये.

एक बारीक सूचना. प्रकाशनस्थळावरून शोध मर्यादित करू नका. मिस्त्रालचा पहिला संग्रह १९२२ साली चिलीत नव्हे, न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. मार्केस कोलंबियाचा, त्याने १९६७ची ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ ही गाजलेली कादंबरी लिहिली मेक्सिकोत आणि छापली गेली अर्जेंटिनातील ब्युएनोस आयरेसला. देश आणि पुस्तक यांची सांगड या साहित्यात फार सैल आहे.

प्रश्न : पाब्लो नेरुदाच्या ‘वीस प्रेमकविता’ मी इंग्रजीवरून मराठीत आणत आहे. मूळ स्पॅनिश पाठ कोठे मिळेल, आणि पुस्तक छापायचे झाल्यास परवानगी लागते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्याजवळच्या इंग्रजी प्रतीच्या शीर्षकपानाची मागची बाजू आधी वाचा. मूळ शीर्षक, मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि हक्क कोणाकडे आहेत, हे सारे तेथे बारीक अक्षरांत असते आणि आपण ते पान नेहमी न वाचता उलटतो. हा संग्रह १९२४ साली निघाला, त्या वेळी चिलीचा हा कवी जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. डब्ल्यू. एस. मर्विन यांचा १९६९चा इंग्रजी अनुवाद सर्वत्र मिळतो आणि त्याच्या मूळ पाठासह छापलेल्या आवृत्त्याही आहेत. तशी आवृत्तीच मिळवावी.

परवानगी लागते, आणि इंग्रजीवरून अनुवाद केल्यास दोघांची लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. नेरुदाचे निधन १९७३चे, म्हणून त्याच्या कवितांवरील हक्क २०३३ अखेरपर्यंत आहेत. मर्विन २०१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या इंग्रजी शब्दांवरील हक्क आपल्या दोघांच्याही हयातीत संपणार नाहीत. हात बसवायचा असेल तर लोर्का घ्या. १९३६ साली त्याची हत्या झाली, त्यामुळे भारतात त्याच्या लेखनावर आता हक्क नाहीत, आणि मृत्यूनंतर ऐंशी वर्षे मोजण्याच्या स्पेनच्या नियमानेही ते २०१७ पासून मुक्त आहे.

इंग्रजीवरून अनुवाद करण्यात कमीपणा नाही. मराठीत जगातील निम्मे साहित्य याच दाराने आले आहे, फक्त तसे शीर्षकपानावर लिहावे. पण मूळ पाठ शेजारी ठेवण्याचे एक कारण सांगतो. स्पॅनिशमध्ये मराठीसारखेच प्रत्येक नामाला लिंग असते आणि इंग्रजीत ते पुसले जाते. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, तर स्पॅनिशमध्ये चंद्रासाठीचा ‘लुना’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. लोर्काच्या १९२८च्या जिप्सी गाथागीतांत पहिल्याच कवितेत हा चंद्र बाई होऊन लोहाराच्या भट्टीत येतो, नाचतो आणि एका मुलाचा हात धरून त्याला घेऊन जातो. मराठी अनुवादकाने येथे ‘चंद्र आला’ असे लिहिले की कविता मोडते. ‘चांदणी’ म्हणावे तर अर्थ बदलतो, ‘चंद्रकोर’ म्हणावे तर लिंग सावरते पण आकार बदलतो. मृत्यूचेही तसेच आहे, स्पॅनिश मृत्यू ही बाई आहे. या अडचणी सोडवता येतील किंवा येणार नाहीत, परंतु त्या आहेत हे तरी मूळ पाठ पाहिल्यावाचून कळत नाही. स्पॅनिश येत नसले तरी एक द्विभाषिक शब्दकोश आणि दोन वेगवेगळे इंग्रजी अनुवाद समोर ठेवा, आणि जेथे दोघांचे पटत नाही तेथे थांबून मूळ शब्द कोशात पाहा.

प्रश्न : निवृत्तीनंतर व्हॉट्सॲपवर बरेच वाचन होते. ‘जो प्रवास करत नाही, जो वाचत नाही, तो हळूहळू मरत असतो’ अशा अर्थाची नेरुदाची कविता मराठीत फिरत आहे. आमच्या वाचक मंडळात ती वाचण्यापूर्वी तिचा मूळ संग्रह कोणता हे हवे आहे.
— एक निवृत्त मुख्याध्यापक, चिकोडी

उत्तर : तिचा संग्रह सापडणार नाही, कारण ती कविता नेरुदाची नाही. मार्था मेदेइरोस या ब्राझीलच्या लेखिकेने २००० साली वृत्तपत्रातील आपल्या सदरासाठी पोर्तुगीजमध्ये हा मजकूर लिहिला. पुढे तो स्पॅनिशमध्ये गेला आणि वाटेत कोणीतरी त्याला नेरुदाचे नाव चिकटवले. नेरुदाच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानानेही ही कविता त्याची नसल्याचे स्पष्ट केले आहे. मार्केसच्या नावावर फिरणारी ‘बाहुली’ ही निरोपाची कविता एका मेक्सिकन शब्दभ्रमकाराची आहे, आणि ‘पुन्हा जगायला मिळाले तर’ या धाटणीची अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याच्या नावावर खपणारी कविता बोर्हेसची नाही. आपल्याकडे पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर जे खपते त्याचाच हा मोठा भाऊ समजा.

आपण विचारलेत ते योग्य केलेत. अशा कवितेखाली मूळ शीर्षक, संग्रह आणि वर्ष यांपैकी काहीच नसेल तर शंका घ्यावी. पडताळणीची जुनी आणि अजून न हरलेली रीत म्हणजे कवीच्या समग्र साहित्याच्या शेवटी असलेली पहिल्या ओळींची सूची. नेरुदाचे समग्र साहित्य आपल्याजवळच्या ग्रंथालयात नसले तरी हरकत नाही. ज्या विद्यापीठात स्पॅनिश शिकवले जाते तेथील ग्रंथपालांना कवितेच्या पहिल्या ओळीसह दोन वाक्यांचे पत्र लिहा. ग्रंथपाल अशा नेमक्या प्रश्नाला उत्तर देतात, ‘नेरुदाविषयी माहिती द्या’ या पत्राला देत नाहीत. मंडळात ही कविता जरूर वाचावी, मात्र मेदेइरोस यांच्या नावाने.

प्रश्न : पाउलो कोएलोपासून स्पॅनिश साहित्याचे वाचन सुरू केले आहे. पुढे कोणते लेखक घ्यावेत?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : कोएलो स्पॅनिश लेखक नव्हे. तो ब्राझीलचा आहे आणि पोर्तुगीजमध्ये लिहितो. त्याच्या ‘द अल्केमिस्ट’ या प्रसिद्ध कादंबरीतील मेंढपाळ स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातला असल्यामुळे हा गोंधळ होतो. ग्रंथालयात तो ८६९ या क्रमांकाखाली, म्हणजे स्पॅनिशच्या शेजारच्याच फळीवर मिळतो, त्यामुळे तुमची वाट फारशी चुकलेली नाही. दोन पावले डावीकडे सरका आणि हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाची १९५५ची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी घ्या. लहान आहे, दोन बैठकांत संपते, आणि मृतांच्या कुजबुजीने भरलेले ते ओसाड गाव उन्हाळ्यातील एखाद्या दुष्काळी खेड्यात बसून वाचले तर अंगावर येते. मार्केसनेही ती पुनःपुन्हा वाचली होती.

प्रश्न : इंग्रजीत एम.ए. केल्यानंतर स्पॅनिश साहित्य आणि भारत यांच्या संबंधावर संशोधन करण्याचा विचार आहे. परदेशी जाणे शक्य नाही. दिल्लीला एखादी खेप होऊ शकते. विषय कोणता घ्यावा आणि कोणत्या ग्रंथालयांत जावे?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : आधी ग्रंथालय ठरवून मग विषय ठरवणे हे ऐकायला उलटे वाटेल, पण ज्याच्याजवळ पैसा आणि वेळ मोजका आहे त्याने तसेच करावे. साधने जेथे आपल्या हाताशी आहेत असा विषय निवडावा.

माझ्या मते तो विषय रवींद्रनाथांच्या आसपास आहे. सेनोबिया काम्प्रुबी आणि तिचा पती, पुढे १९५६ साली नोबेल मिळवणारा कवी हुआन रामोन हिमेनेस, या दोघांनी १९१५ पासून ठाकुरांची वीसहून अधिक पुस्तके स्पॅनिशमध्ये आणली. त्यांनी ती बंगालीवरून नव्हे, तर ठाकुरांच्या इंग्रजीवरून आणली, हे वर निपाणीच्या वाचकाला सांगायचे राहिले होते. ही पुस्तके लॅटिन अमेरिकेत पोहोचली. आता नेरुदाच्या १९२४च्या त्या संग्रहातील सोळावी कविता पाहा. ती ठाकुरांच्या ‘द गार्डनर’मधील तिसाव्या कवितेचे रूपांतर आहे. पुढे १९३४ साली वाङ्मयचौर्याचा आरोप झाल्यावर नेरुदाच्या आवृत्तीत तशी टीप घालण्यात आली. बंगाली गाण्याचे इंग्रजी, इंग्रजीचे स्पॅनिश, त्याचे नेरुदाच्या हातचे स्पॅनिश, त्यावरून पुन्हा इंग्रजी आणि आज निपाणीत मराठी, असा या एका कवितेचा प्रवास आहे. ‘द गार्डनर’ १९१३चे पुस्तक आहे आणि आपल्या भागातील जुन्या ग्रंथालयांत इंग्रजी पुस्तकांच्या धुळकट फळ्यांवर त्याची प्रत मिळायला हरकत नाही. म्हणजे संशोधनाचे पहिले साधन येथेच आहे.

याच परिसरात दुसरा धागा आहे. १९२४च्या अखेरीस ठाकूर आजारपणामुळे ब्युएनोस आयरेसजवळ थांबले, तेव्हा विक्तोरिया ओकाम्पो या अर्जेंटिनाच्या लेखिकेने त्यांची व्यवस्था केली. ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी तिला ‘विजया’ या नावाने अर्पण केला. त्यांचा पत्रव्यवहार केतकी कुशारी डायसन यांच्या १९८८च्या इंग्रजी ग्रंथात आहे आणि तो साहित्य अकादमीने प्रसिद्ध केलेला असल्याने विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळण्याजोगा आहे. मेक्सिकन कवी ऑक्ताव्हिओ पास यांचाही विषय आहे, ते १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते आणि मेक्सिकोच्या सरकारने विद्यार्थ्यांवर केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी ते पद सोडले. परंतु पास यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. नवीन काही सांगायचे तर आधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या राष्ट्रीय संग्रहात काय काय होऊन गेले आहे ते पाहून घ्या. तेथे प्रबंधाचा मजकूर वाचण्याऐवजी त्याच्या शेवटची संदर्भसूची वाचावी, हा माझा जुना सल्ला आहे. कोणती पुस्तके भारतात प्रत्यक्ष कोणाच्या हाती लागली, हे त्या सूचीतून कळते.

ग्रंथालयांविषयी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर ही दोन्ही एका दिवसाच्या फेरीत पाहून होतात. तेथे स्पॅनिशपेक्षा अनुवादविषयक मराठी समीक्षेसाठी जावे. पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे आहे आणि चोर्ला घाटाने तेही दूर नाही, पण तेथील जुना संग्रह पोर्तुगीजमधील आहे. स्पॅनिशसाठी म्हणून गेलात तर निराश व्हाल. पोर्तुगीज मासिकांतून ठाकुरांविषयी काय छापून येत होते हे पाहायचे असेल तर मात्र ती खेप सार्थकी लागेल. दिल्लीची खेप सेर्व्हान्तेस इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयासाठी राखून ठेवा. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे दिल्लीतील ग्रंथालय मूळ स्पॅनिश पुस्तकांसाठी सोयीचे आहे, आणि त्याच खेपेत जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्पॅनिश विभागाच्या प्रबंधांवर नजर टाकता येईल. निघण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या सूची घरून पाहून पुस्तकांचे क्रमांक लिहून न्यावेत. दिल्लीतील दिवस सूची चाळण्यात घालवू नये. एखादे पुस्तक दुसऱ्याच शहरात असेल तर आपले महाविद्यालय किंवा विद्यापीठ डेलनेट या आंतरग्रंथालयीन देवघेव जाळ्याचे सदस्य आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. असल्यास पुस्तक टपालाने येऊ शकते. ही सोय पुष्कळ ठिकाणी असते आणि कोणी मागत नाही म्हणून वापरली जात नाही.

घरी बसून करण्याजोगे कामही थोडे नाही. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आणि आलिकान्ते विद्यापीठाने १९९९ साली सुरू केलेले सेर्व्हान्तेसच्या नावाचे आभासी ग्रंथालय दोन्ही विनामूल्य आहेत, आणि जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांसाठी मी दुसऱ्याला झुकते माप देतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाकडे १९४३ पासून ध्वनिमुद्रित केलेला स्पॅनिश आणि पोर्तुगीज लेखकांच्या आवाजांचा संग्रह आहे. मिस्त्राल, नेरुदा, बोर्हेस आणि मार्केस आपले लेखन स्वतः वाचताना त्यात ऐकू येतात, आणि त्यांतील बरेच आता खुले आहे. खानापूरच्या शिक्षिकेनेही याची नोंद घ्यावी. मार्केसची हस्तलिखिते आणि कागदपत्रे २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम केंद्राने घेतली आणि २०१७ साली त्यांच्या सुमारे २७,००० प्रतिमा सर्वांसाठी उघड्या केल्या. हाताने केलेल्या खाडाखोडीसह ती पाने बेळगावात बसून पाहता येतात, आणि माझ्या उमेदवारीच्या काळात हे कोणी सांगितले असते तर मी ते थट्टेवारी नेले असते.

प्रश्न : जुन्या बाजारात एक स्पॅनिश–इंग्रजी शब्दकोश स्वस्तात मिळाला. त्यात ‘चिको’ म्हणजे लहान मुलगा हा साधा शब्द ‘सी’ या अक्षरात नाही. पाने फाटलेली नाहीत. कोश सदोष आहे का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : कोश चांगला आहे, फक्त जुना आहे. पूर्वी स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि जोडीचा ‘एल’ ही स्वतंत्र अक्षरे मानली जात आणि कोशांत त्यांना वेगळे घर असे. ‘सी’ची सर्व पाने संपली की पुढे ‘सीएच’चा विभाग लागेल, आपला शब्द तेथे आहे. ही रीत स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी १९९४ साली बदलली. त्यापूर्वीच्या छापील ग्रंथसूचींतही लेखकांची नावे याच क्रमाने लावलेली असतात. डोक्यावर वळणदार रेघ असलेला ‘एन’ मात्र आजही वेगळे अक्षर आहे आणि साध्या ‘एन’चे शब्द संपल्यावरच सापडतो.